मूल अजून बोलत नाही: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीड ते चार वर्षांच्या मुलांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ही उत्तरं वाचून निदान होणार नाही. पण तपासणीला कधी जायचं, तिथे काय विचारायचं आणि तोवर घरी काय करायचं, हे ठरवायला त्यांचा नक्की उपयोग होईल.

मुलगा दोन वर्षांचा झाला, पण मोजून पाच-सहा शब्द बोलतो. याला उशीर म्हणायचा का?

हो. दोन वर्षं पूर्ण होताना मुलाकडे ५० पेक्षा कमी शब्द असतील, किंवा दोन शब्द जोडून बोलणं सुरूच झालं नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञ (म्हणजे स्पीच थेरपिस्ट) त्याला उशिरा बोलणारं मूल समजतात. अशी मुलं बरीच असतात. दोन वर्षांच्या दर शंभर मुलांमध्ये साधारण दहा ते पंधरा.

यातली निम्म्याहून अधिक मुलं शाळेत जायच्या वयापर्यंत बरोबरीच्यांना गाठतात. बाकीच्यांना मदत लागते. अडचण अशी, की दोन वर्षांच्या मुलाकडे बघून ते कोणत्या वाटेने जाणार हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही, अनुभवी तज्ज्ञालाही नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे: घाबरू नका, पण नुसती वाटही बघत बसू नका. तपासणीची वेळ आजच घ्या. सगळं ठीक निघालं तर एक चक्कर जास्त झाली, एवढंच.

कोणत्या वयात काय यायला हवं?

बोलणं पहिल्या शब्दाच्या खूप आधी सुरू होतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ 'आऽ', 'ऊऽ' असे आवाज काढतं आणि आपण बोललो की थांबून ऐकतं. सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'मामामा' अशी बडबड सुरू होते. वर्षाच्या आसपास ते नावाला वळून बघतं, टाटा करतं, हवं ते दाखवतं आणि एखादा खरा शब्द निघतो.

पुढच्या टप्प्यांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची यादी बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. २०२२ मध्ये ती बदलली. आधीचे टप्पे सरासरी मुलावर बेतलेले होते, म्हणजे त्या वयात निम्म्या मुलांना ते जमत नसे आणि त्यामुळे 'थांबून बघू' असं म्हणायला वाव राही. आताच्या यादीत, त्या वयाच्या किमान ७५ टक्के मुलांना जमतं तेच धरलं आहे. त्यानुसार १५ महिन्यांना आई-बाबा सोडून एक-दोन शब्दांचा प्रयत्न, १८ महिन्यांना आई-बाबा सोडून तीन शब्द, दोन वर्षांना 'अजून दूध'सारखी दोन शब्दांची जोडी आणि अडीच वर्षांना सुमारे ५० शब्द अपेक्षित आहेत.

इथे अनेक पालक गोंधळतात. ५० शब्द दोन वर्षांना हवेत की अडीचला? दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन वर्षांना ५० च्या आत शब्द असले तर मुलाकडे लक्ष ठेवायचं, तपासून घ्यायचं. अडीच वर्षांनाही तेवढे नसले तर ते बहुसंख्य मुलांच्या मागे आहे हे स्पष्टच झालं. मग एक आठवडाही दवडू नये.

शब्द मोजायचे कसे? तो 'पाणी' नाही म्हणत, 'पा' म्हणतो.

'पा' मोजा. उच्चार स्वच्छ असण्याची गरज नाही. तो आवाज तो दर वेळी त्याच गोष्टीसाठी वापरतो का, आणि तुम्ही 'पाणी' म्हटल्यावर लगेच त्याच्यामागे नक्कल न करता स्वतःहून वापरतो का, एवढंच बघायचं. कुत्र्याला 'भू-भू', गाडीला 'पीं' हेही शब्दच. दोन भाषांतले शब्द असतील तर दोन्हींची बेरीज करायची.

एक कागद स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा आणि आठवडाभर घरातल्या प्रत्येकाने ऐकलेला शब्द त्यावर लिहा. मूल म्हणतं तसा शब्द, पुढे अर्थ, पुढे प्रसंग. 'पा — पाणी — ग्लास दाखवून.' 'बॉ — चेंडू, पण परवा चंद्रालाही.' 'ना — नको, जोरात.' आठवड्याच्या शेवटी दोनपैकी एक गोष्ट हमखास होते. जिथे पाच शब्द वाटत होते तिथे अठरा निघतात, किंवा वीस वाटत होते ते चारच असतात आणि बाकीचे आपण त्याच्या वतीने बोलत होतो हे कळतं. दोन्ही माहिती मोलाची. हा कागद तपासणीला घेऊन जा. 'थोडं थोडं बोलतो' या वाक्यापेक्षा तो तज्ज्ञांना कितीतरी जास्त सांगतो.

तिला सगळं कळतं, फक्त बोलत नाही. मग काळजीचं कारण नाही ना?

समज चांगली असणं ही खरंच जमेची बाजू आहे. समज पक्की, खाणाखुणा भरपूर आणि फक्त शब्द कमी, अशी मुलं पुढे गाठण्याची शक्यता जास्त असते. समजही मागे असेल तर मदत लवकर लागते.

पण 'सगळं कळतं' हे एकदा नीट तपासून बघा. आपण 'चप्पल आण' म्हणतो तेव्हा आपली नजर चपलेकडे जाते, हात दाराकडे वळतो, पिशवी खांद्यावर असते. मूल हुशार असतं. ते शब्दाऐवजी हे सगळं वाचतं. म्हणून बाहेर जायची वेळ नसताना, हात मागे ठेवून, तिच्याच चेहऱ्याकडे बघत सहज म्हणा, 'तुझा चेंडू कुठे गेला?' किंवा 'बाहुलीला झोपव.' दोन वर्षांच्या मुलाला अशा साध्या सूचना खुणेशिवाय कळायला हव्यात. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करून बघा. मूल खेळात रमलेलं असेल तर ते उत्तर देणार नाही, त्याचा अर्थ कळलं नाही असा घेऊ नका.

बोट दाखवण्याला तज्ज्ञ एवढं महत्त्व का देतात?

कारण बोट दाखवणं हे बोलण्याआधीचं बोलणं आहे. साधारण ९ ते १४ महिन्यांच्या दरम्यान मुलं बोट दाखवू लागतात, आणि त्यातही दोन प्रकार असतात. एक, हवी असलेली वस्तू मागण्यासाठी. दुसरा, आकाशात विमान दिसलं की बोट करून तुमच्याकडे वळून बघणं: 'तूही बघ ना!' दुसऱ्यात मुलाला काहीच नको असतं, फक्त तुमच्याबरोबर ती गंमत वाटून घ्यायची असते. संवादाची सगळी इमारत याच इच्छेवर उभी राहते. दीड वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, तुमचा हात धरून वस्तूपर्यंत ओढत नेत असेल पण चेहऱ्याकडे बघत नसेल, तर शब्द किती आहेत हा प्रश्न बाजूला ठेवा आणि हीच गोष्ट डॉक्टरांना आधी सांगा.

घरचे म्हणतात, 'याचा बाबाही तीन वर्षांनीच बोलला.' थांबू का?

घरच्यांचा हेतू धीर देण्याचा असतो आणि त्यांचं म्हणणं खोटंही नसतं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. जवळच्या नात्यात कुणी उशिरा बोललं असेल किंवा कुणाला वाचण्या-लिहिण्यात अडचण आली असेल, तर मुलाला भाषेचा त्रास असण्याची शक्यता वाढते. कुटुंबातला इतिहास हे तपासणी लवकर करण्याचं कारण आहे. आणि बाबा उशिरा बोलले हे सगळ्यांना आठवतं. शाळेत धडा वाचताना ते किती झगडले, हे बहुतेक वेळा कुणाला ठाऊक नसतं. त्यांनाच एकदा शांतपणे विचारून बघा.

मुलगे उशिराच बोलतात, असं ऐकलंय.

मुलग्यांचं बोलणं सरासरीने थोडं मागे असतं, पण तो फरक एक-दोन महिन्यांचा. वर्षभराचा उशीर 'मुलगा आहे' म्हणून सोडून देता येत नाही. घरातलं दुसरं किंवा तिसरं मूल आहे, मोठी भावंडं त्याच्या वतीने बोलतात, हेही कारण असंच. त्याने भाषा अडून राहत नाही.

दार वाजलं की तो वळून बघतो. तरी कानाची तपासणी करायची?

करायचीच, आणि सगळ्यात आधी. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी व्हायला हवी, यात सूट नाही.

दार, कुकरची शिट्टी, गाडीचा हॉर्न हे मोठे आवाज आहेत. भाषेतले 'स', 'फ', 'ट', 'क' हे बारीक आवाज असतात. सौम्य किंवा मध्यम बहिरेपणात मूल दाराला वळतं, पण 'बस' आणि 'बट' यांतला फरक त्याला ऐकूच येत नाही. काही मुलांना एकाच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. तेव्हा घरी ताटली आपटून केलेली परीक्षा काहीच सिद्ध करत नाही.

शिवाय लहान मुलांमध्ये सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं फार नेहमीचं आहे. दुखत नाही, ताप नसतो, त्यामुळे लक्षातही येत नाही. त्या काळात मुलाला आपलं बोलणं पाण्यात बुडी मारून ऐकावं तसं, गढूळ ऐकू येतं. बहुतेक वेळा हे पाणी तीनेक महिन्यांत आपोआप जिरतं. पण ते टिकून राहिलं किंवा वारंवार होत राहिलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी बघायला हवं.

तपासणीला सुई नाही, वेदना नाही. ओएई चाचणीत कानात मऊ टोक ठेवून काही मिनिटांत नोंद होते. बेरा चाचणीत मूल झोपलेलं असताना डोक्याला चकत्या लावून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. टिम्पॅनोमेट्रीने पडद्यामागचं पाणी कळतं. मूल थोडं मोठं असेल तर आवाज ऐकू आला की ठोकळा डब्यात टाकायचा, असा खेळ करूनही तपासतात.

पण जन्माच्या वेळची चाचणी ती पास झाली होती.

ती त्या दिवसाची नोंद होती. कायमचा बहिरेपणा असलेली बाळं दर हजारात एक ते तीन जन्मतात आणि त्यातली बहुतेक या चाचणीत सापडतात. पण काही प्रकारचा बहिरेपणा नंतर सुरू होतो: काही आनुवंशिक, काही मेंदूज्वरानंतर, काही आईला गरोदरपणात झालेल्या सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गामुळे. पुन्हा तपासा.

घरात दोन भाषा बोलतो. त्यामुळे गोंधळला असेल का? एक भाषा बंद करू?

नाही, बंद करू नका. हा सल्ला आजही सर्रास दिला जातो आणि तो ऐकून आईने आपल्या मुलाशी स्वतःच्या भाषेत बोलणं सोडलेलं बघितलं की मला फार वाईट वाटतं. दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही. दोन्ही भाषांची बेरीज केली की अशा मुलांचे शब्द इतरांइतकेच भरतात. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हाही गोंधळ नव्हे. दोन भाषा येणारी मोठी माणसं रोज तेच करतात. ज्या भाषेत तुम्हाला रागावता येतं, लाड करता येतात, गोष्ट रंगवून सांगता येते, त्या भाषेत बोला. मोडक्या-तोडक्या परक्या भाषेतलं बोलणं मुलाला कमी देतं. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांनाही हे लागू आहे.

दोन्ही भाषांत मूल मागे असेल, तर कारण भाषांच्या संख्येत नाही, दुसरीकडे शोधायला हवं.

मोबाइल आणि टीव्हीमुळे असं झालं का?

एकट्या मोबाइल-टीव्हीच्या पडद्यामुळे ऐकणं जात नाही किंवा ऑटिझम होत नाही. पण पडद्यासमोर गेलेल्या वेळात कुणी मुलाच्या आवाजाला उत्तर देत नाही, आणि भाषा त्या उत्तरातून येते. चित्रातली बाई 'हा कोणता रंग?' विचारते; मूल काहीही म्हणालं किंवा गप्प राहिलं तरी ती 'शाब्बास!'च म्हणते. दोन वर्षांखालची मुलं पडद्यावरून फार कमी शिकतात. मुलाला इंग्रजी आकडे आणि रंग पाठ आहेत पण पाणी मागता येत नाही, हे चित्र हल्ली बरंच दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तर आणखी चांगलं. मागे नुसता चालू असलेला टीव्हीही बंद ठेवा. त्याने मोठ्यांचं मुलाशी बोलणं कमी होतं. लांबच्या आजीशी व्हिडिओ कॉल मात्र खुशाल होऊ द्या, कारण आजी उत्तर देते.

पडदा बंद करणं चांगलंच. पण 'आधी दोन महिने मोबाइल बंद करून बघू, मग तपासणी' असं करू नका. दोन्ही एकदम सुरू करा.

जीभ खाली चिकटलेली आहे. कापली की बोलेल?

जीभ जखडलेली असेल तर तान्ह्या बाळाला अंगावर पिताना त्रास होऊ शकतो, मोठेपणी एखाद-दुसरा उच्चार अडू शकतो. पण त्यामुळे शब्दच येत नाहीत, वाक्य होत नाही, असं घडत नाही. भाषा मेंदूत तयार होते. वाचातज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय केवळ बोलण्यासाठी जीभ कापून घेऊ नका.

बोलणं वाढवणारं औषध किंवा टॉनिक आहे का?

नाही. थायरॉइड, अपस्मार (फिट येणं) असं दुसरं काही निदान झालं असेल तर त्याचं औषध जरूर लागतं, पण बोलतं करणारी बाटली कुठेच मिळत नाही.

हा ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असू शकते का?

काही मुलांमध्ये असते, बहुतेक उशिरा बोलणाऱ्यांमध्ये नसते. फरक शब्दांच्या संख्येवरून कळत नाही. नावाने हाक मारल्यावर वळत नाही, नजर देत नाही, टाटा किंवा बोट दाखवणं नाही, तुमची नक्कल करत नाही, खोटंखोटं खेळत नाही, गाडीची चाकंच फिरवत बसते, ठरावीक आवाजांनी अस्वस्थ होते, अशा गोष्टी एकत्र दिसल्या तर तपासून घ्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाळणी आहे. ती पालकच भरतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची अशी चाळणी करायला सांगते. चाळणी म्हणजे निदान नव्हे. जास्त गुण आले तर पुढे नीट तपासायचं, इतकाच तिचा अर्थ.

हा शब्द मनात आला म्हणून तपासणी पुढे ढकलणारे पालक मी बरेच बघते. त्यांची भीती मला कळते. पण निदान झाल्याने मूल बदलत नाही. आधी होतं तेच मूल असतं, फक्त आता त्याला काय लागतं ते तुम्हाला माहीत असतं.

ती आधी काही शब्द बोलायची, आता बंद झाली.

हा या पानावरचा सर्वांत तातडीचा प्रश्न आहे. आलेले शब्द, खुणा, नजर किंवा खेळ हरवत असेल तर वय कोणतंही असो, थांबू नका. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यामागे ऑटिझम असू शकतो, ऐकणं कमी झालेलं असू शकतं, क्वचित झोपेत मेंदूत होणारे अपस्माराचे स्फोट असू शकतात, ज्यात झटके बाहेरून दिसतही नाहीत. जुने व्हिडिओ शोधून बरोबर न्या. सहा महिन्यांपूर्वी ती काय बोलत होती, हे दाखवणारा दहा सेकंदांचा तुकडासुद्धा डॉक्टरांच्या खूप कामाचा असतो.

मूल वेळेआधी जन्मलं होतं. वय कोणतं धरायचं?

दोन वर्षांचं होईपर्यंत दुरुस्त वय धरतात, म्हणजे प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं. दोन महिने आधी जन्मलेलं मूल १८ महिन्यांचं असेल तर त्याच्याकडून १६ महिन्यांची अपेक्षा. पण खूप लवकर जन्मलेल्या मुलांवर लक्ष मात्र जास्त ठेवायचं.

तो भरपूर बोलतो, पण बाहेरच्यांना कळत नाही. कधी कधी अडखळतोही.

परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं साधारण निम्मं बोलणं कळतं, तीन वर्षांच्याचं पाऊण आणि चार वर्षांच्याचं जवळपास सगळं. 'र', 'ळ', 'श' यांसारखे उच्चार उशिरा पक्के होतात, त्यांची घाई नको. तीन वर्षांनंतरही घरच्यांनाच कळत नसेल तर दाखवा.

दोन ते पाच वर्षांत शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं किंवा अडखळणं बऱ्याच मुलांमध्ये येतं आणि बहुतेकांचं जातं. तेव्हा 'हळू बोल', 'नीट बोल' म्हणू नका. वाक्य पुरं होईपर्यंत ऐका. अडखळताना चेहरा ताणला जात असेल, मूल बोलणं टाळू लागलं असेल किंवा सहा महिन्यांहून जास्त काळ चाललं असेल तर वाचातज्ज्ञांकडे जा.

घरी मी नेमकं काय करू?

सर्वांत आधी प्रश्न कमी करा. 'हे काय आहे? रंग कोणता? काका कसे आले? सांग ना, म्हण ना!' न बोलणाऱ्या मुलाभोवती अशी प्रश्नपत्रिका दिवसभर चालू असते, कारण आपण काळजीत असतो. प्रश्नाच्या जागी मूल बघतंय त्या गोष्टीचं नाव घ्या. ते मुंगीकडे बघत असेल तर 'मुंगी. मुंगी चालली.' तुम्हाला शिकवायचा होता तो हत्ती राहू द्या. मुलाचं लक्ष जिथे आहे तिथलाच शब्द चिकटतो.

त्याच्या उंचीवर या, जमिनीवर बसा, चेहरा समोर ठेवा. मग त्याच्यापेक्षा एकच पायरी पुढे बोला. मूल शब्दच वापरत नसेल तर तुम्ही एका-दोन शब्दांत बोला, पण खऱ्या भाषेत. ते 'गाडी' म्हणालं तर 'मोठी गाडी', 'गाडी गेली.' चूक दुरुस्त करायची नाही, बरोबर रूप सहज परत द्यायचं. ते 'ताली' म्हणालं, तुम्ही म्हणा, 'हो, गाडी!'

आणि थांबा. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. साबणाच्या फुग्यांची बाटली घ्या, चार फुगे उडवा, झाकण घट्ट लावून बाटली मुलीच्या हातात द्या. ती फिरवेल, झाकण ओढेल, बाटली हलवेल. आता तुमच्या तोंडाशी 'उघडू का?' आलेलं असतं. ते गिळा. ओठ मिटून, भुवया उंचावून, तिच्याकडे बघत मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला ती बाटली पुढे करते, कधी नुसती बघते, कधी 'उ' असा आवाज निघतो. त्यातलं काहीही आलं की लगेच 'उघड! उघडलं!' आणि फुगे. पुन्हा झाकण. बोलायला उशीर झालेल्या मुलाला शब्द शोधून तोंडापर्यंत आणायला वेळ लागतो, आणि आपण नेमके त्याच क्षणी बोलून ती जागा भरून टाकतो.

याला वेगळा तास काढायची गरज नाही. अंघोळ, कपडे घालणं, जिना उतरणं, कपड्यांच्या घड्या, हे रोज त्याच क्रमाने होतं, म्हणून तेच शब्द रोज त्याच जागी येतात. 'हात वर. हात खाली. डोकं कुठे? आलं!' तीच गाणी, तेच पुस्तक शंभरदा चालेल. पुस्तकातला मजकूर वाचायलाच हवा असं नाही. चित्रावर थांबा, मुलाला पान उलटू द्या. ओळखीच्या गाण्यात शेवटचा शब्द गाळून गप्प राहिलात, तर तो शब्द बऱ्याचदा मुलाकडून येतो.

'बोललास तरच देईन' असं करावं का?

नको. फुग्यांच्या खेळात आपण संधी देतो आणि मूल नजरेने, हाताने, आवाजाने जे देईल ते स्वीकारतो. भुकेल्या मुलापुढे दूध धरून 'आधी दूध म्हण' म्हणणं ही परीक्षा झाली. त्याला खरंच जमत नसतं, तो हट्ट नसतो. अशाने रडारड वाढते आणि बोलण्याशी भीती जोडली जाते. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव'सुद्धा थांबवा.

खुणा किंवा चित्रं शिकवली तर तो बोलायचा आळस करेल?

करणार नाही. खुणांमुळे किंवा चित्रकार्डांमुळे बोलणं मागे पडत नाही, उलट अनेक मुलांचं वाढतं. त्याहून मोठी गोष्ट, मुलाला हवं-नको सांगता येतं आणि चावणं, डोकं आपटणं, लोळण घेणं यांतलं बरंचसं कमी होतं. शब्द येऊ लागले की मूल स्वतःच खुणा सोडतं, कारण बोलणं जास्त सोपं असतं.

पाळणाघरात किंवा बालवाडीत घातलं की इतर मुलांचं बघून बोलेल ना?

सोबत चांगली आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. तीस मुलांच्या गलक्यात न बोलणारं मूल सहज मागे राहतं. घालायचं असेल तर लहान गट बघा आणि शिक्षिकेला आधीच सांगा की याला उत्तरासाठी थोडा जास्त वेळ लागतो.

माझं काही चुकलं का? मी कमी बोलले म्हणून असं झालं?

नाही. भाषेचा सततचा त्रास साधारण १४ मुलांत एकाला असतो आणि त्यामागे मुख्यतः मेंदूची जडणघडण आणि आनुवंशिकता असते. भरपूर बोलणाऱ्या घरांतही अशी मुलं असतात. तुमच्या बोलण्याने मुलाला मदत होते हे खरं. पण त्यावरून तुम्ही कमी बोललात म्हणून त्रास झाला, असं होत नाही. हा दोष आईच्या माथी फार पटकन मारला जातो. कुणी मारला तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

स्पीच थेरपिस्टच्या पहिल्या भेटीत काय होतं?

बराचसा वेळ तुमच्याशी बोलण्यात आणि मुलाशी खेळण्यात जातो. गरोदरपण, जन्म, आजार, बसणं-चालणं, घरात कोण कोणत्या भाषेत बोलतं, हे विचारतील. खेळताना मूल काय समजतं, कशी मागणी करतं, नक्कल करतं का, तोंडाच्या हालचाली कशा आहेत, हे बघतील. मूल तिथे एक शब्दही बोललं नाही तरी चालतं. असं नेहमीच होतं. म्हणून घरी नेहमीसारखं खेळताना दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढून न्या. शब्दांचा कागद, कानाच्या चाचणीचे जुने अहवाल आणि मुलाचं एक आवडतं खेळणं बरोबर असू द्या. भुकेच्या किंवा झोपेच्या वेळेची भेट घेऊ नका.

निघताना तीन गोष्टी विचारून घ्या: समज वयानुसार आहे का, घरी या महिन्यात नेमकं काय करायचं, आणि पुन्हा कधी दाखवायचं. 'बघू, मोठा झाल्यावर बोलेल' एवढंच उत्तर मिळालं आणि तुमचं मन मानत नसेल, तर दुसरं मत घ्या. मुलाला रोज बघणाऱ्या आईवडिलांना काहीतरी वेगळं वाटतं, तेव्हा ते बऱ्याचदा खरं निघतं.

थेरपी किती दिवस चालेल?

कारणावर अवलंबून आहे. नुसता उशीर असेल तर काही महिन्यांत फरक दिसतो. उच्चारांसाठी मेंदूला तोंडाच्या हालचाली आखायलाच अडचण असेल, तर आठवड्यातून अनेकदा आणि दीर्घकाळ सराव लागतो. श्रवणयंत्र लागलेल्या मुलाचा हिशेब यंत्र लागल्यापासून धरायचा.

आठवड्यातला तो पाऊण तास मूल शिकण्यासाठी जितका, तितकाच तुम्ही शिकण्यासाठी असतो. थेरपिस्ट दार लावून तुम्हाला बाहेर बसवत असतील, तर आत बसू देण्याची विनंती करा. त्या खोलीत जे जमलं ते घरी कसं करायचं, हे तुम्हाला डोळ्यांनी बघायला मिळायला हवं. दर तीन महिन्यांनी शब्दांचा नवा कागद लावा आणि जुन्याशेजारी ठेवून बघा. फरक दिसत नसेल तर थेरपिस्टना तो दाखवून उपचारांची दिशा बदलायची का, हे विचारा.